बाथरूमच्या छताचा दिवा: मोरीपासून फॉल्स सीलिंगपर्यंत

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच इथे लिहून देतोय. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

आज किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आजचा विषय आहे बाथरूमच्या छताला लावायचा दिवा. हसू नका! अंधेरी घ्या, बोरिवली घ्या, मुलुंड किंवा घाटकोपर घ्या, कुठल्याही सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी बाथरूम फोडण्याचं काम चालूच असतं. टाइल्स बघायला अख्खं घर तीनदा दुकानात जातं. नळ कुठल्या कंपनीचा यावर दोन संध्याकाळी वाद होतो. आणि दिवा? तो शेवटच्या दिवशी ठरतो. वायरमन म्हणतो, "लावून टाकू एक पॅनेल," आणि आपण म्हणतो, "लावा." खरं म्हणजे घरातली हीच एक खोली अशी, जिथे अनवाणी, ओलं अंग आणि २३० व्होल्टची वीज हातभर अंतरावर असतात.

तर हा दिवा कसा निवडायचा? त्याचं उत्तर दुकानातल्या खोक्यावर अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं आपल्या इमारतीच्या भिंतीत आहे, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

पाणी एका बाजूने, वीज दुसऱ्या बाजूने

मुंबई शहराला नळाचं पाणी मिळालं ते १८६० साली, विहार तलावातून. हा तलाव आहे साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरात. पाणी उपनगरातून शहराकडे गेलं. विजेचा प्रवास नेमका उलटा झाला.

१८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये पहिल्यांदा विजेचे दिवे आले. ते लावणाऱ्या ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीचं पुढच्याच वर्षी दिवाळं वाजलं आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. मग १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, म्हणजे आपल्या बेस्टची पूर्वज, आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावायला लागली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी खाली सोडायचं आणि त्यावर गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना.

हे सगळं शहरासाठी. उपनगरांसाठी वेगळी कंपनी निघाली ती १९२९ साली: बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस. अंधेरी-बोरिवलीतल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही "बीएसईएसचं बिल" हेच असतं. मधल्या काळात कंपनी रिलायन्सकडे गेली, २०१८ मध्ये अदानींकडे आली, तरी तोंडातलं नाव काही सुटत नाही. कितीतरी दशकं ही कंपनी स्वतः वीज तयार करत नव्हती. टाटांकडून घ्यायची आणि घरोघर पोचवायची. डहाणूचं स्वतःचं वीजकेंद्र आलं ते १९९५ मध्ये. मुलुंडची गोष्ट आणखी वेगळी. मुलुंड बृहन्मुंबईत आलं १९५७ साली, पण तिथे वीज येते ती राज्याच्या महावितरणकडून, म्हणजे १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या वारसाकडून. एकाच महापालिकेत राहून घाटकोपर आणि मुलुंडची बिलं वेगळी का, याचं मूळ इथे आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात बाथरूम कुठे आलं? थांबा. त्या काळात बाथरूम नव्हतंच.

मोरी, बंब आणि दारावरचा बल्ब

चाळीत होती मोरी. खोलीच्या कोपऱ्यात, चार बोटं खोलगट, कडेला कठडा. तिथेच भांडी, तिथेच आंघोळ, पुढे पडदा ओढला की झालं. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. मोरीला वेगळा दिवा नसायचा, खोलीतल्या बल्बचा जो उजेड पडेल तो. आंघोळीचं पाणी तापायचं तांब्याच्या बंबात, कोळशावर. म्हणजे पाणी एका कोपऱ्यात आणि वीज खोलीच्या मध्यावर, वर टांगलेली. कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, पण दोघांत अंतर होतं.

हे अंतर कमी झालं ते ब्लॉक आल्यावर. १९३० आणि ४० च्या दशकांत दादर-माटुंग्याला "सेल्फ-कंटेन्ड" फ्लॅट उभे राहिले. संडास-बाथरूम घराच्या आत, ही त्यांची मोठी नवलाई. पुढे तीच पद्धत रेल्वेच्या दोन्ही मार्गांवरून उत्तरेकडे सरकली. अंधेरीचं डी. एन. नगर, घाटकोपरची पंतनगर वसाहत, आणि १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या असंख्य सहकारी सोसायट्या. मोरीला आता चार भिंती मिळाल्या, दार मिळालं. अंधारी खोली झाली म्हटल्यावर दिवा आलाच.

हा दिवा छतावर नव्हता. तो होता भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या वर, काळ्या नाहीतर तपकिरी अँगल होल्डरमध्ये. बटण बाथरूमच्या बाहेर. लाकडी पट्टीवर खिळलेल्या तारा तिथपर्यंत आलेल्या. तो काळा होल्डर बॅकेलाइटचा असायचा. लिओ बेकलँड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमाराला अमेरिकेत शोधलेलं हे प्लॅस्टिक. तापलं तरी मऊ पडत नाही आणि वीज वाहून नेत नाही.

ही बॅकेलाइटची गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या भागाचा सगळा जीव तिच्यात आहे.

तिसरी तार गीझरपाशी थांबली

दिवा लागायला दोन तारा पुरतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, दिवा लावण्यासाठी नसते. ती माणूस वाचवण्यासाठी असते. उपकरणाच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायला सोपी वाट मिळावी, माणसातून जावं लागू नये, एवढंच तिचं काम. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी वीज देणाऱ्या कंपनीला ग्राहकाच्या जागेत अर्थिंगची जोडणी उपलब्ध करून द्यायला सांगितलं होतं. बटण फेजवरच असावं, न्यूट्रलवर नको, हेही त्याच नियमांत होतं.

पण घराच्या आत काय झालं? बंब गेला, बादलीत टाकायचा रॉड आला, मग गीझर आला. गीझर म्हणजे धातूची टाकी, त्यामुळे तीन पिनांचा सॉकेट हवा आणि अर्थिंग हवं, हे सगळ्यांना पटलं. तिसरी तार गीझरपर्यंत आली. आणि तिथेच थांबली. दिव्यापर्यंत ती न्यायची गरजच कुणाला वाटली नाही, कारण दिव्याचं अंग बॅकेलाइटचं! त्याला हात लागला तरी काही होत नव्हतं. त्या काळापुरतं ते गणित बरोबरही होतं.

गणित बिघडलं ते दिवा बदलल्यावर. आज आपण त्याच दोन तारांवर ॲल्युमिनियमच्या अंगाचं एलईडी पॅनेल लावतो. दिवा नव्या शतकातला आणि तारा जुन्या शतकातल्या. पॅनेलमधून एखादी लोंबणारी हिरवी तार निघते, आणि तिला जोडायला भिंतीतून काही येतच नाही. मग ती टेप गुंडाळून आत ढकलली जाते.

आणखी एक गंमत बघा, गंमत कसली, धोकाच तो. जुन्या इमारतीत अर्थिंगची तार पुष्कळदा लोखंडी नळाला बांधलेली असायची. नळ जमिनीत जातो, म्हणजे अर्थिंग झालं, असा हिशेब. आता बाथरूम नवं करताना आपण गंजलेले लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे टाकतो. प्लंबरने त्याचं काम चोख केलं, पाण्याचा दाब सुधारला, आणि त्याच दिवशी घराचं अर्थिंग गेलं. दिवा मात्र लागतोच, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

तीस मिलिअँपिअर

"अहो, पण आमच्याकडे एमसीबी आहे," असं लगेच म्हणाल. एमसीबी माणसासाठी नाही, तारेसाठी आहे. दिव्याच्या लाइनला ६ अँपिअरचा एमसीबी असतो, म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाला मारायला त्याचा छोटासा अंशही पुरतो.

हा अंश किती, याचा शोध घेतला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी. त्यांनी स्वयंसेवकांवर मोजमाप केलं: किती प्रवाह गेला की हात आपणहून तार सोडू शकत नाही? पुरुषांसाठी सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर, बायकांसाठी साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळले जातात आणि तार धरलेलीच राहते. १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनी अशा गळतीवर नजर ठेवून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. त्याच सुमाराला ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर त्याच दिशेने काम करत होते. तत्त्व अगदी साधं: फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. कमी आली, तर उरलेली कुठेतरी गळतेय, कदाचित माणसातून. झटक्यात बंद! अमेरिकेने १९७५ मध्ये बाथरूममधल्या सॉकेटना हे संरक्षण सक्तीचं केलं. ब्रिटनने २००८ मध्ये बाथरूममधल्या सगळ्याच जोडण्यांना.

आपल्याकडे या उपकरणाला आरसीसीबी म्हणतात. १९५६ च्या नियमांत पुढे ६१-अ हा नियम घातला गेला, पण त्यातून ५ किलोवॅटखालच्या जोडण्या वगळलेल्या होत्या. वन रूम किचनवाला माणूस त्यात कुठे बसणार? २०१० च्या केंद्रीय नियमांनी ही मर्यादा २ किलोवॅटवर आणली आणि घरगुती जोडणीसाठी आकडा ठरवून दिला: जास्तीत जास्त ३० मिलिअँपिअर. म्हणजे त्याआधी वायरिंग झालेली, आणि नंतर कुणी हात न लावलेली इमारत असेल, तर तुमच्या बोर्डावर हे उपकरण आहे का, हे आज घरी जाऊन बघाच. ओळखायची खूण: त्यावर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर छापलेलं असतं. घरात अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो. धक्का बसतो, पण वीज तुटते.

टबासाठी काढलेला नकाशा

आता छताकडे वळू. बाथरूममध्ये कुठे कसला दिवा चालेल, याचा आंतरराष्ट्रीय नियमांत एक नकाशा आहे. टबाच्या आतला भाग शून्य झोन. टबाच्या वर, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत, पहिला झोन. त्याबाहेर आणखी ६० सेंटिमीटर दुसरा झोन. बाकी जागा मोकळी. टब नसेल, नुसता शॉवर असेल, तर शॉवरच्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंत पहिला झोन.

हा नकाशा आपल्या बाथरूमवर ठेवून बघा. आपली राष्ट्रीय इमारत संहिता बाथरूमसाठी किमान १.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी सांगते. म्हणजे १.२ बाय १.५ मीटर. आखूड भिंतीवर शॉवर लावला, की पहिल्या झोनच्या बाहेर उरतं जेमतेम एक फूट. आणि उंची? संहिता २.१ मीटर पुरेशी मानते. पहिला झोन २.२५ मीटरपर्यंत! म्हणजे कायदेशीर, किमान मापाच्या बाथरूममध्ये छतसुद्धा पहिल्या झोनमध्येच येतं. त्यातून बाथरूमवर माळा काढायची आपली जुनी सवय. गाद्या, बॅगा, गणपतीचं मखर ठेवायला तो माळा लागतोच. छत आणखी खाली, दिवा हात वर केला की लागतो.

म्हणून आमचं म्हणणं असं: उपनगरातल्या छोट्या बाथरूममध्ये झोन मोजत बसू नका. सगळी खोली पहिला झोन धरा.

आणि त्या नकाशात नसलेली एक गोष्ट. तिथे पाणी खालून आणि बाजूने उडेल असं धरलंय. आपल्याकडे ते वरून येतं. वरच्या मजल्याच्या बाथरूमची फरशी ज्या खोलगट स्लॅबवर असते, ती काही वर्षांनी झिरपते. ते पाणी आपल्या छतातून उतरतं, तारेच्या पाइपात शिरतं आणि थेट दिव्याच्या डोक्यावर पडतं. वर फॉल्स सीलिंग असेल तर डाग दिसतच नाही. आपलं छत सुंदर दिसतं आणि वर पाणी साचत राहतं.

तर मग कोणता दिवा?

आता हा सगळा इतिहास घेऊन दुकानात जाऊ या.

पहिलं, वरची गळती आधी थांबवा. ओल्या छताला कुठलाच दिवा सुरक्षित नाही. वरच्या शेजाऱ्यांशी आणि सोसायटीशी बोलणं कटकटीचं असतं, मान्य, पण त्याला पर्याय नाही.

दुसरं, दिव्याच्या पॉइंटपर्यंत अर्थिंग आहे का ते मोजून घ्या. नुसती हिरवी तार दिसणं पुरेसं नाही, ती दुसऱ्या टोकाला कशाला तरी जोडलेली हवी. नसेल, तर भिंत फोडलेलीच आहे तोवर तिसरी तार ओढून घ्या. टाइल्स बसल्यावर कुणी ओढत नाही. ते अगदीच जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या अंगाचा, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा घ्या. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे बॅकेलाइटचं जुनं शहाणपणच, नव्या रूपात.

तिसरं, आयपी आकडा बघा. पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा अंक ४ असेल तर शिंतोडे चालतात, ५ असेल तर पाण्याची धारही. आपल्याकडे जेट स्प्रे असतो आणि पाइप लावून भिंती धुतात, म्हणून आयपी ६५ घेतलेला बरा. पण खोक्यावर नीट वाचा. छतात बसवायच्या बऱ्याच दिव्यांचा हा आकडा नुसत्या दर्शनी बाजूचा असतो, पाठीचा नाही. आणि आपलं पाणी तर पाठीवर पडतं! त्यामुळे गळतीची जरासुद्धा शंका असेल, तर छतात खोबणी करण्यापेक्षा छताला बाहेरून बसणारा, सगळीकडून बंद, रबरी पट्टीचा गोल दिवा चांगला. तो तितका देखणा दिसत नाही, पण पाणी आलं तर लगेच कळतं.

चौथं, एलईडीचा ड्रायव्हर. २०१५ च्या उजाला योजनेनंतर एलईडी घरोघर गेला. तो पूर्वीच्या बल्बसारखा तापत नाही, गरम काचेवर थेंब पडून फुटत नाही. पण त्याच्या मागे ड्रायव्हरची डबी असते आणि दमट हवेत आधी तीच जाते. शक्य असेल तर ती बाथरूमच्या बाहेर, हात पोचेल अशा जागी ठेवा. फॉल्स सीलिंग असेल तर तपासायला एक झाकण ठेवाच. दिव्यावर मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

पाचवं, काम कुणी करायचं? बल्ब बदलणं तुमचं काम. नवा पॉइंट काढणं, तार ओढणं हे सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदाराचं काम, १९५६ च्या नियमांपासून हेच आहे. काम चालू असताना मेन बंद ठेवायला सांगा. जोड टेप गुंडाळून नव्हे, डबीत कनेक्टरने द्यायला सांगा. बटण बाहेर आणि फेजवर. हे आवर्जून तपासा, कारण बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद दिसतो पण होल्डरमध्ये वीज जिवंत असते, आणि आपण ओल्या हाताने बल्ब काढायला जातो.

आणि शेवटी ते "टेस्ट"चं बटण. दर दोन-तीन महिन्यांनी दाबायचं. खटकन घराची वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर दिव्याचा विचार नंतर, आधी आरसीसीबी बदला.

बघा, १८८२ च्या क्रॉफर्ड मार्केटपासून निघालो आणि पोचलो आपल्याच घरातल्या एका छोट्या बटणापाशी. उजेड आपल्या बाथरूमपर्यंत आला त्याला आता पाऊणशे वर्षं होत आली. तिसरी तार आली का, ते मात्र प्रत्येकाने आपापल्या घरी बघायचंय. आता पुनर्विकासात इमारती पडताहेत, नव्या उभ्या राहताहेत. बिल्डरच्या माणसाला टाइल्सचा रंग विचाराल तेव्हा एवढंही विचारा, "बाथरूमच्या दिव्याला अर्थिंग दिलंय का हो?" तो जरा दचकेल. दचकू दे.